सव्वा मूठ गव्हाची चोरी

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाला कोणी फसवू शकत नाही, असं माझं ठाम मत होतं. नवरदेव खूश आहे की नुसता दात दाखवतोय, पंगतीत काय कमी पडलंय, कोणते दोन व्याही एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला वऱ्हाडाच्या आधी कळतं. जळगावात माझं छोटंसं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे, तिथेच मेहरूण भागात घर आहे आणि गेली पाच वर्षं दोन्ही मी एकटी चालवते. स्टेजसमोर कोणी "बाई, जरा बाजूला व्हा" म्हटलं, तर मी त्यालाच बाजूला करते. अशा मला माझ्या बारा वर्षांच्या मुलीनं, माझ्याच कॅमेऱ्यासमोर, भरदुपारी गंडवलं.

सुरुवात उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली. तिला घेऊन मी थिएटरात एक सिनेमा पाहिला. चोरीचा होता, पण चोर सगळी पोरंटोरं. कोणा श्रीमंताच्या बंगल्यातली वस्तू पळवायची, त्यासाठी नकाशा काढायचा, एकानं पहारेकऱ्याला गुंतवायचं, दुसऱ्यानं वर चढायचं, तिसऱ्यानं खऱ्या वस्तूच्या जागी खोटी ठेवायची. शेवटी आईबाप, आजी, कुत्रा, सगळेच त्यात सामील. मी सिनेमाभर प्रकाशयोजनेला नावं ठेवत होते. ती मात्र पुढच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून एकटक बघत होती. बाहेर पडल्यावर जळगावच्या त्या रखरखीत उन्हात उसाचा रस पिता पिता ती म्हणाली, "मम्मी, आपण असा सिनेमा करायचा. कानबाईला गावी जाऊ तेव्हा. तिथे सगळे असतात."

मला कौतुक वाटलं. पोरगी माझ्या धंद्यात येणार, असंही मनात येऊन गेलं.

आता कानबाईचं सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. आमचं गाव धुळ्याच्या पुढे. सासू-सासरे तिथेच असतात, मोठे आणि धाकटे दीरही तिथेच. सासूबाईंना अख्खं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. सासरे आबा. त्या दिवशी नैवेद्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, करतात; त्यांचे गहू आदल्या दिवशी अक्का स्वतः मोजतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू डब्यात टाकायचे. एक भरलेली मूठ आणि वरून पाव. बाया निवडतात, दळून आणतात, मळतात, भाजतात, पण मूठ पुरुषाची. काही घरांत आता लेकीसुनांचीही धरतात असं ऐकते. आमच्या घरात नव्हती. ते रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. म्हणजे डब्यात ज्याची मूठ, तो घरचा.

आमच्या घरात दहा नावं होती. पाच वर्षांपूर्वी मुलीचे वडील गेले आणि नऊ उरली.

त्या पहिल्या श्रावणात मी समोरच बसले होते. नवव्या नावानंतर अक्कांचा हात सवयीनं पुन्हा गव्हात गेला. मूठ भरली. तशीच थांबली. मग बोटं उघडली आणि गहू परत सुपात सांडले. दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. आठ वर्षांची माझी मुलगी मात्र माझ्या मांडीला टेकून सगळं पाहत होती.

दोन वर्षांनी, गावाहून परत येताना पारोळ्याच्या आसपास बसमध्ये तिनं मला विचारलं, "मम्मी, आपल्या घराची मूठच नाही ना डब्यात? मग आपण कोणाच्या मुठीतलं खातो?"

मला राग पटकन येतो. त्यातून उत्तर नसलं की फारच पटकन येतो. "गप बस, खायला मिळतं ना?" असं मी खेकसले. ती खिडकीकडे तोंड करून बसली ती थेट जळगावपर्यंत. त्या प्रश्नाचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं. मी बँकेत भांडते, गिऱ्हाइकाशी भांडते, पण अक्कांच्या त्या उघडलेल्या बोटांशी कसं भांडायचं? ज्यांचा मुलगा गेला त्यांना मी काय सांगणार होते, की अजून एक मूठ टाका?

तर गेल्या श्रावणात आम्ही गावी निघालो, तेव्हा तिच्या दप्तरात सिनेमाची वही होती. बसमध्ये तिनं मला गोष्ट वाचून दाखवली. एका राजवाड्यात धान्याचा जादूचा डबा असतो. त्यातली एक मूठ हरवते म्हणून राज्यावर संकट येतं. तीन शूर मुलं पहारेकऱ्याच्या हातावर तुरी देऊन वाड्यात शिरतात आणि ती मूठ परत डब्यात टाकतात.

मी म्हटलं, "अगं, चोरीच्या सिनेमात चोर माल बाहेर काढतात. आत ठेवायला जातात होय?"

"आमच्यात जातात," ती म्हणाली आणि वही मिटली.

तिच्या दप्तरात कापडी पिशवीत आमच्या घरच्या डब्यातले गहूही होते. "प्रॉपर्टी," ती म्हणाली. सिनेमातल्या सामानाला प्रॉपर्टी म्हणतात हे तिला मीच शिकवलेलं. गावी गव्हाची पोती पडलेली असताना जळगावहून गहू कशाला न्यायचे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वर मी स्वतःला हुशार समजते.

शनिवारी सकाळी अक्कांनी नऊ मुठी मोजल्या, डब्याचं झाकण लावलं आणि देवघरातल्या वरच्या फळीवर तो ठेवून दिला. घर तसं नवं आहे, स्लॅबचं, फरशी बसवलेलं, पण देवघराचा दरारा जुनाच. अक्का दारात उभ्या राहून सगळ्या पोरांना म्हणाल्या, "डबाले कोनी हात लावानं नही. उद्या चक्कीवर जाई तवय मीच काढसू."

शूटिंगची परवानगी मीच मिळवली. मी अक्कांना सांगितलं, की पोरं खोटा डबा वापरतील, खरा फळीवरच राहील, पण देवघरात उजेड छान येतो, तेवढं तिथे बसू द्या. धाकट्या जावेच्या स्वयंपाकघरातून मी तेवढ्याच मापाचा स्टीलचा डबा आणला. त्यात थोडे तांदूळ टाकले, वजन वाटावं म्हणून. शूटिंग म्हटलं की अक्कांनाही जरा मजा वाटते. त्या पदर सारखा करून म्हणाल्या, "माले बी ले सिनेमामा." मी म्हटलं, तुम्ही महाराणी. त्या खूश होऊन चक्कीवाल्याला निरोप द्यायला निघून गेल्या. रोटांचं दळण असलं की चक्की आधी धुऊन ठेवावी लागते.

कलाकार तीन. माझी मुलगी म्हणजे टोळीची म्होरकी. मोठ्या दिरांचा नववीतला मुलगा, उंच, त्याच्याकडे वर चढायचं काम. आणि धाकट्या दिरांची सात वर्षांची मुलगी, जिला फक्त धोका दिसला की शिंकायचं होतं. ती धोका नसतानाही शिंकत होती. पहारेकरी म्हणून आबांना ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं. त्यांना संवाद दिला होता, "कोण आहे तिकडे?" आबा तो प्रत्येक वेळी इतक्या प्रेमानं म्हणायचे, की चोरांनी आत येऊन चहाच घ्यावा.

मी डोळ्यांत तेल घालून शूटिंग केलं असं म्हणणार होते. पण काय झालं ते सांगते. देवघरातला मुख्य सीन लावायच्या आधी मुलगी म्हणाली, "मम्मी, आबांना डुलकी लागलीय. पहारेकरी झोपल्याचा क्लोजअप आत्ताच घे, नंतर मिळणार नाही." मला पटलं. दिग्दर्शकाला असंच सुचलं पाहिजे, असंही वाटलं. मी ओट्यावर जाऊन आबांच्या मिशा, आबांचा पंचा, आबांच्या पोटावर बसलेली माशी, असं दहा-पंधरा मिनिटं टिपत बसले. आतून दोनदा शिंक ऐकू आली. सराव चाललाय, असं मला वाटलं.

मी परत आले तेव्हा सगळे जागेवर होते. डबा चौरंगावर, झाकण बाजूला, माझी मुलगी पुढ्यात गुडघे टेकून. वरच्या फळीवरही डबा होता. मी वर एक नजर टाकली, खाली एक नजर टाकली आणि कॅमेरा सुरू केला.

तिनं पिशवीतून मूठ भरली, डब्यावर नेली आणि हळूहळू सोडली. मग पुन्हा पिशवीत हात घातला आणि वरून थोडे, पाव मूठ. वहीत हे नव्हतं. पण मला छान वाटलं, तपशील आहे म्हटलं. एकच गडबड होती. तिचा हात थरथरत होता, त्यामुळे मूठ फ्रेममध्ये नीट दिसेना.

"कट," मी म्हटलं. "हात का कापतोय तुझा? पुन्हा टाक. सावकाश. मूठ दिसली पाहिजे मला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की आत्ता आठवलं तरी मला माझाच राग येतो, की मी विचारलं का नाही काय झालं म्हणून. उंच पुतण्याही तिच्याकडे बघत राहिला. मग तिनं विचारलं, "खरंच पुन्हा टाकू?"

"टाक की. गव्हाला काय तोटा आहे?"

या वेळी हात जरासुद्धा हलला नाही. भरलेली मूठ आणि वरून पाव. मी म्हटलं, ओके, झकास. नंतर तिनं लगेच मला अंगणात पिटाळलं, पळापळीचा सीन लावायला. पाठोपाठ पोरं आलीच, चांगली पाच मिनिटं उशिरा आणि घामाघूम.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ, लुगडं, हिरव्या बांगड्या, सगळं थाटात. सकाळीच चक्कीवरून पीठ आलं आणि परातीत ओतताना अक्कांचा हात थबकला. "आवंदा पीठ जास्त कसं व्हयनं?" मग त्यांनी स्वतःच निकाल दिला. "चक्कीवालानी दुसरानं पीठ टाकी दिधं." बिचाऱ्या चक्कीवाल्याचा दुपारपर्यंत उद्धार झाला. त्यानं बिचाऱ्यानं चक्की आरशासारखी धुतली होती. माझी मुलगी परातीजवळ बसून पाणी घालत होती आणि खाली मान घालून बसली होती. रोट झाले, खीर झाली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली. सगळे भाऊबंद पोटभर जेवले. मुलीनं त्या दिवशी तीन रोट खाल्ले. एरवी तिला एक जात नाही.

सोमवारी वाजतगाजत विसर्जन झालं. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, आबा म्हणाले, "आते सिनेमा दखाडा." मी म्हटलं, अजून एडिटिंग व्हायचंय, कच्चा माल आहे. पण आमच्याकडे कच्चं-पक्कं कोण बघतं? मी कॅमेरा टीव्हीला जोडला. घरचे सगळे फरशीवर बसले. मुलगी मला दोनदा म्हणाली, "मम्मी, नको ना, जळगावला जाऊन आधी एडिट कर." मला वाटलं लाजतेय.

आबांचा संवाद आला, हशा पिकला. आबांच्या पोटावरची माशी आली, आणखी हशा. मग देवघर आलं. चौरंगावर डबा, मुलीचा हात, आणि खिडकीतून आलेलं ऊन थेट डब्याच्या अंगावर. त्या उन्हात डब्यावर कोरलेली अक्षरं लखलखली.

आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. तो खरा डबा अक्कांच्या भावानं दिलेला. जावेच्या डब्यावर नाव नव्हतं, तो तिनं बाजारातून घेतलेला. मी त्या दुपारी हात बघत होते, बोटं बघत होते, फोकस बघत होते. नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी वाचलं नाही; आत तांदळाऐवजी गहू होते, तेही मला दिसलं नाही.

अक्का उठल्या. चष्मा लावून टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. "मना भाऊनं नाव शे हाई," त्या म्हणाल्या. पडद्यावर मूठ उघडत होती. पाठोपाठ माझाच आवाज, खणखणीत: "कट. पुन्हा टाक. मूठ दिसली पाहिजे मला."

मग मोठे दीर ओरडले, "कानबाईच्या डब्यात असला खेळ? एवढ्या पिढ्यांची रीत आहे आपली. आणि तू हे शूट करत होतीस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या आधी माझी मुलगी उभी राहिली. "काका, मम्मीला माहीत नव्हतं. डबा मी बदलायला सांगितला. आणि चोरी काहीतरी नेलं तर होते. मी तर ठेवलं."

"कोणाची मूठ ठेवलीस? तुझ्या पप्पांची?" काकांचा आवाज उतरला होता.

"नाही. पप्पा नाहीत आता." ती आजीकडे वळली. "आमच्या घराचं डब्यात कोणीच नव्हतं, आजी. म्हणून माझी टाकली. जळगावच्या घरातल्या गव्हाची."

पडद्यावर आता दुसरी मूठ पडत होती. तिच्यात कंप नव्हता. मागे टीव्हीतून मी म्हणत होते, ओके, झकास. अक्का कितीतरी वेळ त्या उघडणाऱ्या बोटांकडे बघत राहिल्या. मला चार वर्षांपूर्वीची त्यांची बोटं आठवली, आणि त्यांनाही आठवली असणार, कारण त्यांनी स्वतःची उजवी मूठ एकदा मिटली आणि उघडली. मग मान न वळवता विचारलं, "एक मूठ तुनी. दुसरी कोनी शे?"

मुलगी म्हणाली, "मी एकच ठरवली होती, आजी. मम्मी म्हणाली पुन्हा टाक. मग दुसरी मम्मीची टाकली."

मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सगळ्यांसमोर रडले. चार वर्षांत ज्या घरात मी कॅमेरा घेऊन दरवाज्याजवळ उभी राहत होते, त्या घराचे रोट मी काल माझ्या मुठीचे खाल्ले होते आणि मला ते माहीतही नव्हतं. धाकटी जाऊ उठून माझ्याजवळ येऊन बसली. तिलाही मूठ नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मोठे दीर काही बोलणार होते, तेवढ्यात अक्कांनी त्यांना हातानंच थांबवलं. "कानबाई जेवनी, बठ्ठा जेवनात. आते काय पोटमाईन काढशात?" सगळ्यांच्या पोटात गेलेलं आता बाहेर थोडंच निघणार होतं? मग त्या माझ्या मुलीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, तिचा हात हातात घेतला, बोटं मिटवून मूठ करून पाहिली आणि नापसंतीनं मान हलवली.

"पोरनी मूठ धाकली शे," त्या म्हणाल्या. "पुढला वरीसले मी मोजसू."

यंदाचा श्रावण अजून यायचा आहे. अक्का शब्दाच्या पक्क्या आहेत, मला काळजी नाही. सिनेमा मी जळगावला आल्यावर नीट एडिट केला. आबांची माशी कापली, शिंका कापल्या, माझा आरडाओरडा कापला. पण मूठ मात्र लागोपाठ दोनदा पडते. माझ्या दुकानात कामाला येणारा पोरगा म्हणाला, मॅडम, चुकून दोन्ही टेक राहिलेत. मी म्हटलं, राहू दे, दोन्ही लागतात.